बायनाबाईंना खुर्चीत बसवण्याबाबत

सम्यक फोटो स्टुडिओ, सेलू
(शटर खाली ओढून, आतून)

आदरणीय सूर्यभान मामा यांना,

सिद्धोधनचा सविनय जयभीम. गीतामामींनाही जयभीम, आणि त्यांच्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. मागच्या वेळी त्यांनी एरंडाची पानं बांधली होती, त्याने उतार पडला की डॉक्टरकडेच जावं लागलं, ते कळवावे. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. सुकेशनी ठीक आहे, मुलं ठीक आहेत, फक्त मी ठीक नाही. पत्र पाहून तुम्ही घाबरू नका. घाबरण्याचं सगळं काम मी इकडे एकट्याने अंगावर घेतलं आहे.

हल्ली पत्र कोण लिहितं, फोनला काय झालं, असं तुम्हाला वाटेल. फोन उत्तम आहे. तो बंद करून ज्वारीच्या डब्यात ठेवला आहे, कारण चालू केला की वालूरच्या किशनरावांचा फोन येतो. (बंद असला तरी येईल असं मला अधूनमधून वाटतं, म्हणून वर ज्वारी टाकली आहे.) सुकेशनीच्या फोनवरून बोलावं तर ती शेजारी उभी राहून ऐकते, आणि तिला मी या प्रकरणातलं निम्मंच सांगितलं आहे. म्हणून कागद घेऊन बसलो. उद्या सकाळच्या गाडीने आमच्या शेजारचा टेलर परभणीला कापड आणायला जाणार आहे, त्याच्या हाती पाठवतो.

किशनराव तुम्हाला माहीत आहेतच. तुम्ही भूमी अभिलेखात मोजणीदार असताना त्यांच्या आणि महारुद्राच्या बांधाची मोजणी केली होती, आणि दोघांनीही ती मुकाट मान्य केली होती. वालूरला अजून लोक त्याबद्दल नवल करतात. माणूस वाईट नाही, मामा. वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या देणाऱ्या माणसाचं कसं असतं, दिल्या की तो मोकळा आणि आपणही मोकळे. किशनराव आवाज चढवत नाहीत. दुकानात येतात, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, माझ्याकडे बघतात, तांब्याभर पाणी पितात आणि जातात. गेल्या वर्षभरात त्यांनी मला एक शब्द वावगा बोललेला नाही, आणि त्यामुळेच माझी झोप उडाली आहे. आता मोटारसायकलचा आवाज आला तरी मी टेबलाखाली काहीतरी शोधायला लागतो.

झालं ते असं. गेल्या वर्षी त्यांच्या हरिओमचं लग्न झालं. सून पसंत केली होती ती किशनरावांच्या आईने, बायनाबाईंनी. तारीखही त्यांनीच धरून ठेवलेली. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना म्हातारी गेली. भावकी म्हणाली, वर्षभर थांबा. किशनराव म्हणाले, मायनं धरलेली तारीख मोडायची नाही. दिवसपाणी उरकलं आणि ठरल्या तारखेला त्यांच्याच अंगणात मांडव पडला. मांडवात किशनरावांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यावर बायनाबाईंची शाल. मी शूटिंग करत होतो. किशनराव उठून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "सिद्धोधन, कॅसेटमदी माय त्या खुर्चीवर दिसली पायजे." आता कॅमेरा डोळ्याला असताना मान हलवता येत नाही, चित्र हलतं. नाहीतर मी मान नक्की आडवी हलवली असती. मान हलवता येईना म्हणून तोंडाने 'हो' म्हणालो. आमच्या धंद्यातले निम्मे घोटाळे असेच होतात.

त्याला आता वर्ष होत आलं. हरिओमच्या बायकोला दिवस गेले आहेत आणि त्यांच्या लग्नाची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. (कॅसेट म्हणजे पेन ड्राइव्हच, पण वालूरला कॅसेटच म्हणतात, आणि दुरुस्त करायला माझी हिंमत नाही.) येत्या रविवारी बायनाबाईंचं वर्षश्राद्ध. किशनरावांनी परभणीहून भिंतीएवढा एलईडी पडदा सांगितला आहे. पंगती उठल्या की सगळ्या गावापुढे लग्न दाखवायचं आणि म्हातारीला नातवाच्या लग्नात बसलेली बघायचं, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे त्यांनी सांगितलं आहे.

बायनाबाईंचं हलतं चित्र जगात एकच आहे. नातीने मोबाइलवर काढलेलं. ओसरीवर बसून म्हातारी सुपात ज्वारी निवडते आहे आणि शेवटी वर बघून हसते. तिच्यामागची ओसरी मी मोठ्या कष्टाने कापून काढली, पण सूप काही हातातून सुटेना. सूप कापलं की बोटंही जातात. त्यामुळे नातवाच्या लग्नात आजी ज्वारी निवडत बसलेली दिसणार, हे मी मनाशी मान्य करून टाकलं. आपल्याकडच्या बायका कुठेही बसल्या तरी हाताला काम लागतंच, कुणाला खटकणार नाही.

अडचण वेगळीच आहे. कॅमेरा एका जागी ठेवलेला असता तर म्हातारीला खुर्चीत बसवणं म्हणजे चहा पिता पिता होणारं काम होतं. पण त्या वर्षी मी नवीन गिंबल घेतलं होतं, म्हणजे चालता चालताही चित्र हलू न देणारा दांडा, आणि नव्या दांड्याच्या हौसेने मी मांडवभर गरगर फिरलो. आता कॅमेरा डावीकडे गेला की चित्रातली खुर्ची उजवीकडे जाते आणि बायनाबाई होत्या तिथेच अधांतरी राहतात. यावर उपाय असा, की कॅमेरा त्या त्या क्षणाला नेमका कुठे उभा होता, हे चित्रातल्या न हलणाऱ्या खुणांवरून हुडकून काढायचं. याला कॅमेरा ट्रॅकिंग म्हणतात. तुम्हाला जास्त सांगायला नको. तीन दगड जागेवर असले की बुजलेला चौथा तुम्ही हुडकायचात, तसंच. फक्त इथे चालत्या चित्रात, दर क्षणाला नवीन मोजणी करायची आणि ती सॉफ्टवेअरने करायची.

ते सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, यात माझं वर्ष गेलं, मामा. मोठमोठे सिनेमे ज्यावर होतात ते विकत मिळतच नाही, महिन्याच्या भाड्याने मिळतं, आणि ते भाडं माझ्या दुकानाच्या भाड्याला हसतं. परभणीला स्टेशनजवळ एकजण तेच सॉफ्टवेअर कुलूप तोडून पेन ड्राइव्हमध्ये देतो. (तुम्ही रागवाल, पण पूर्ण वाचा.) ते लावलं आणि पडदा लाल झाला. इंग्रजीत धमकी आली की तुमच्या फाइली आमच्या ताब्यात आहेत. मी घामाघूम होऊन कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. हरिओमचं लग्न बाहेरच्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं. वाईबोळीचं एक लग्न आणि दोन जावळं मात्र कायमची गेली, त्यांना अजून सांगितलेलं नाही. मग एक साफ फुकट सॉफ्टवेअर सापडलं. ते परोपकारी माणसांनी जगाच्या भल्यासाठी केलं आहे म्हणतात, पण त्या जगात मी बसत नसावा. शिकवणारा परदेशी मुलगा व्हिडिओत 'सोपं आहे' म्हणतो आणि बोटं अशी पळवतो, की मी व्हिडिओ थांबवून त्याच्या बोटांकडेच बघत बसतो. शिवाय त्या सॉफ्टवेअरला गणित करायला लावलं की आमचा कॉम्प्युटर तापतो. मे महिना, सेलू, वर पत्रा. घरातला कूलर आणून मी कॉम्प्युटरपुढे लावला, तर सुकेशनी म्हणाली, "लेकरं उकाड्यात लोळायलीत आन तुमी डब्याला हवा घालायलाव." मी म्हणालो, एका बाईला खुर्चीत बसवायचं आहे. त्यावरून जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एका लहान कंपनीचं मिळालं. एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा. आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं, पण तोवर ते चित्रावर कंपनीचं नाव आडवं छापतं आणि ते नेमकं बायनाबाईंच्या कपाळावर येत होतं. वर्षश्राद्धाला ते चाललं नसतं. म्हणून सुकेशनीच्या भिशीतून ते विकत घेतलं. (हाच तो तिला न सांगितलेला निम्मा भाग.)

विकत घेतल्यावर सॉफ्टवेअर म्हणालं, जागेचं खरं माप द्या, न हलणाऱ्या खुणा दाखवा. मांडवात न हलणारं काय असतं, मामा? झालर हलते, पंखे फिरतात, बायकांच्या पदरांची जर चमकते, लेकरं तर खांबालाही एका जागी राहू देत नाहीत. मग मी ठरवलं, अंगणातल्या मांडवाच्या खांबांचे खड्डे शोधायचे, तिथे चुन्याच्या फुल्या मारायच्या, आणि ते अंगण तसंच फिरत पुन्हा शूट करून सॉफ्टवेअरला दाखवायचं. किशनराव मोंढ्यात माल विकायला गेलेले बघून मी वालूर गाठलं. आठ-दहा फुल्या मारल्या, दोन गल्लीतही पडल्या. टेप धरला, कॅमेरा लावला. तेवढ्यात शेजारचा महारुद्र आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, रस्ता किती फुटी हाय?"

मी साहेब नाही, हरिओमच्या लग्नाची कॅसेट वर्षभर लटकवणारा सिद्धोधन आहे, हे सांगायला हवं होतं. पण तसं सांगितलं की किशनरावांच्या कानावर जाणार की काम अजून सुरूच आहे. टोपी पुढे ओढून मी म्हणालो, अजून ठरलं नाही. हे तीन शब्द मी बोललो आणि गाव उठलं. रस्त्यात घर जाणार की मावेजा, म्हणजे सरकारी भरपाई, मिळणार, एवढाच प्रश्न. ज्यांना घर टिकवायचं होतं त्यांनी माझ्या फुल्या पायाने पुसून पलीकडे सरकवल्या. ज्यांना मावेजा पाहिजे होता त्यांनी त्या स्वतःच्या उंबऱ्याशी आणल्या. महारुद्राने तर मी टेप गुंडाळेपर्यंत आंब्याच्या रोपांसाठी खड्डे खणायला घेतले, फळझाडाला मावेजा जास्त लागतो म्हणून. आणि माझा कॅमेरा सगळा वेळ चालूच होता. तुमची सगळी नोकरी दगड सरकवणाऱ्या लोकांमागे गेली, तेव्हा तुम्हाला यात नवल नसेल. पण सॉफ्टवेअर परदेशी आहे. खुणा चालतात हे त्याला ठाऊक नाही. त्याने प्रामाणिकपणे हिशोब मांडला की किशनरावांचं घर गोल फिरतं आहे. मी मागच्या पांदीने मोटारसायकल काढली, आणि त्या दिवसापासून फोन ज्वारीच्या डब्यात आहे.

मग मी हताश होऊन सॉफ्टवेअरला सांगितलं, बाबा, मूळ लग्नच बघ, हलतं ते सगळं टाकून दे आणि जे न हलणारं उरेल त्याला धर. त्याने झालर टाकली, पंखे टाकले, वऱ्हाड टाकलं. खुर्चीपुढे सारखी माणसं येत होती म्हणून तीही टाकली. उरले किशनराव. मंगलाष्टकं चालू असताना पुऱ्या मांडवात एकच माणूस हलला नव्हता, मामा. रिकाम्या खुर्चीशेजारी ताठ बसून होते. डोक्याला लाल बांधणीचा फेटा, त्यावर पांढरे ठिपके, आणि सॉफ्टवेअरला ठिपक्यांइतकं काही आवडत नाही. त्याने बायनाबाईंना त्या फेट्याला बांधून टाकलं.

मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळं इतकं सुरेख दिसत होतं की मी स्वतःशीच हसलो. मग किशनराव उठले. बायनाबाईही उठल्या. म्हणजे उठल्या नाहीत, बसल्या बसल्याच वर आल्या, सूप हातात घेऊन. किशनराव व्याह्यांना भेटायला गेले, त्या मागे तरंगत गेल्या. व्याह्यांना मिठी मारली तेव्हा म्हातारी दोघांच्या मधोमध ज्वारी निवडत होती. ते पंगतीत वाढायला गेले, तर त्याही गेल्या. आणि शेवटी, जेव्हा दांडा माझ्या हातात नुसता लोंबत होता आणि मला शूटिंग चालू असल्याचं ध्यानातही नव्हतं, तेव्हा किशनराव एकटेच पाण्याच्या टँकरमागे गेले आणि कुणी बघत नाही अशा समजुतीने फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसत उभे राहिले. तिथेही बायनाबाई त्यांच्या खांद्याला लागून. सूप हातात.

हे मी एलईडी पडद्यावर, गावापुढे, श्राद्धाच्या दिवशी कसं लावू? मेलेल्या आईचा तमाशा केला म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही. दुकान जाईल ते जाईल, पण किशनराव काहीही न बोलता माझ्याकडे बघतील, त्याचं काय करू? भीतीने मला दोन घास जात नाहीत. तरी कृपा करून तुमच्या नागसेनला विचारा. तो पुण्यात याच कामात आहे. माझ्यासारख्याला परवडेल आणि म्हातारीला खुर्चीतून हलू देणार नाही, असं एखादं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं नाव कळवावं. मी विचारलं तर तो माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरून थट्टा करतो. तुम्ही विचारलं तर उत्तर देईल.

मामींच्या गुडघ्याला जपा, उन्हात दोघांनीही बाहेर पडू नका, आणि या घाबरट भाच्यावर लोभ आहे तसाच राहू द्या.

आपला,
सिद्धोधन

ता. क. — उन्हात बाहेर पडू नका असं वर लिहिलं, ते रविवार सोडून. सॉफ्टवेअरचं निमित्त होतं, मामा. खरं म्हणजे रविवारी तुम्ही वालूरला यावं, एवढ्यासाठी पत्र लिहिलं. पडदा लागेल तेव्हा माझ्या आणि किशनरावांच्या मधल्या जागेत बसा. तुम्ही रेघ ओढून दिली की ती ते ओलांडत नाहीत, हे बांधाच्या वेळी गावाने बघितलं आहे. मामींना आणू नका, त्यांना माझी फजिती बघवणार नाही.

ता. क. दुसरा — पाकीट अजून डकवलं नव्हतं म्हणून लिहितो. आत्ता किशनराव येऊन गेले. शटरखालून वाकून आत आले. मी टेबलाखाली होतो आणि पडद्यावर त्यांची आई व्याह्यांच्या मधोमध होती. ते लाल खुर्चीवर बसून बघायला लागले. मी तिथूनच सगळं सांगून टाकलं, की काका, ही चूक आहे, मायला खुर्चीऐवजी तुमच्या फेट्याला धरलं गेलं आहे, दुरुस्त करतो. पडद्यावर टँकर आला तेव्हा ते म्हणाले, मागं घे. मी घेतलं. पुन्हा म्हणाले, मागं घे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मग म्हणाले, "खुर्चीचं मीच सांगितलं व्हतं. पर माय कवा खुर्चीवर बसली व्हती रे? काम हातात घिऊन माज्याच मागं मागं ऱ्हायाची. याला हात लावू नको. आसंच ऱ्हाऊ दे." तांब्याभर पाणी प्यायले. जाताना दारात थांबून विचारलं, चुना तूच मारला व्हता का? मी हो म्हणालो. तर म्हणाले, "महारुद्रानं आंबे लावलेत. लावू दे, सावली व्हईल." मामा, ते गेल्यावर मला रडू आलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते भीतीचं नव्हतं. तेव्हा रविवारी येण्याची तसदी घेऊ नका. नागसेनलाही काही विचारू नका.

ता. क. तिसरा — टेलर दारात उभा आहे, घाईत लिहितो. रविवारी जरूर या, पहिल्या गाडीने या. पहाटे लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर काढावी म्हणून कॉम्प्युटर लावला, तर त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी सवयीने 'हो' दाबलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुन्यातल्या सगळ्या चुका सुधारल्या आहेत म्हणे. त्याने आपणहून हिशोब नव्याने मांडला. जुनी आवृत्ती कंपनीने काढून टाकली आहे. मी चूक परत द्या म्हणून लिहिलं, तर अडचण दूर झाल्याबद्दल त्यांनी माझं अभिनंदन केलं. नागसेनला ताबडतोब विचारा की बरोबर झालेलं बिघडवायचं कसं. मी पहाटेपासून बघतो आहे. किशनराव उठतात, व्याह्यांना भेटतात, टँकरमागे एकटेच जाऊन उभे राहतात. आणि बायनाबाई तिकडे खुर्चीत बसल्या आहेत, काही केल्या उठत नाहीत.